दिनकरभाऊ, सातवा बसला असता

दिनकरभाऊ,

परवा माजी सैनिक मंडळाचे दोघे जण माझ्याकडे उमरेडला येऊन गेले. एक आपले सुभेदार, दर रविवारी तुमच्याकडे पेपर वाचायला यायचे आणि चहा संपल्यावरच पेपर उघडायचे, ते. दुसरा मंडळाचा नवा सचिव, चाळिशीचा, बोलका, कामाला वाघ. सक्करदऱ्याला तुमच्या गल्लीच्या तोंडाशी जी छोटी बाग आहे, तिथं तुमच्या नावाचा दगडी फलक बसवायचं त्यांनी ठरवलं आहे. मजकूर तयारच होता. वायुसेनेतली तुमची वर्षं, दोन्ही शौर्यपदकं, आधी पूर, मग बर्फ. खाली 'प्रत्यक्ष साक्षीदार' म्हणून माझी सही पाहिजे होती.

"काका, फक्त इथं सही मारा," सचिव म्हणाला. "त्या दिवशी हेलिकॉप्टर चालवणाऱ्यांपैकी आता तुम्हीच उरले."

खरं आहे. को-पायलट जाऊन बारा वर्षं झाली. तुम्हाला जाऊन आज एकोणीस दिवस. मी चष्मा पुसून मजकूर वाचला. दुसऱ्या पदकाबद्दलचं वाक्य असं आहे : 'यंत्राच्या भारक्षमतेचा अचूक अंदाज घेऊन, स्वतःच्या प्राणांची पर्वा न करता त्यांनी हिमस्खलनात सापडलेल्या सहा जवानांना सुखरूप खाली आणले.' तुमच्या मानपत्रातलंच ते भाषांतर आहे. मी पेनाचं टोपण काढलं आणि परत लावलं. म्हटलं, चार दिवस द्या.

"सहीले चार दिवस?" सुभेदार म्हणाले. "लग्नाले तरी येवढा विचार केला होता का गा तुम्ही?"

ते हसले, मीही हसलो. ते गेल्यावर मी दार लावून घेतलं. स्मरणिकेसाठी तुमच्या आठवणी लिहून द्या, असंही सचिव जाता जाता म्हणाला होता. तेव्हा हे लिहितो आहे. छापायचं तर त्यांनी हेच छापावं.

त्या वाक्यातला 'सहा' खरा आहे. तुम्ही प्राणांची पर्वा केली नाही, हेही खरं. 'अचूक' हा शब्द खोटा आहे, आणि तो खोटेपणा तुमचा नाही, माझा आहे. तुम्ही मला अडतीस वर्षं एकच प्रश्न विचारत होता आणि मी अडतीस वर्षं एकच उत्तर देत होतो. ते उत्तर चुकीचं होतं, आणि ते चुकीचं आहे हे मला माहीत होतं. सातवा बसला असता, भाऊ.

आपली पहिली भेट तुम्हाला आठवत असेल. मी फ्लाइट इंजिनिअर म्हणून त्या तुकडीत नवा आलेलो. तुम्ही हेलिकॉप्टरच्या दारातून उतरताना डोकं आपटून घेतलं आणि अस्सल नागपुरी शिवी हासडली. घरापासून हजार मैलांवर ती शिवी ऐकून मला हसू आवरलं नाही.

"हसून काहून राहिला? कुठचा गा तू?"

"उमरेडचा, सर."

"मंग सक्करदऱ्याच्या माणसाले सर म्हणायले लाज नाही वाटत?"

त्या दिवसापासून कामावर सर आणि कामाबाहेर भाऊ, असं ठरून गेलं. तुम्ही अधिकारी, मी हवाई सैनिक. आपले मेस वेगळे, बसायच्या जागा वेगळ्या. पण कुसुमवहिनी नागपूरहून आल्या की कोथिंबीर भरलेल्या सांबारवडीचा एक डबा माझ्याकडे यायचाच, आणि तो डबा तुम्ही स्वतः आणून द्यायचा, दुसऱ्या कोणाच्या हाती नाही.

उडताना मात्र आपण फार जवळ बसायचो. त्या यंत्रात दोन पायलटांच्या मधोमध, मागच्या दाराच्या तोंडाशी, एक घडीचं आसन असतं. ती माझी जागा. मी ते आसन उघडून बसलो की कॉकपिटचं दार बंद झाल्यासारखंच. मी उठून बाजूला झाल्याशिवाय तुम्हाला मागे जाता यायचं नाही. तेव्हा त्याचं काही वाटलं नाही. आता रोज वाटतं.

तुमचं पहिलं पदक पुरातलं. शाळेच्या गच्चीवर अडकलेली माणसं, चारी बाजूंनी तांबडं पाणी, आणि गच्ची एवढी जुनी की पूर्ण वजन टेकवलं असतं तर ती खाली गेली असती. तुम्ही एकच चाक कठड्याला लावलं आणि यंत्र हवेतच धरून ठेवलं. मी दारात पालथा पडून माणसं ओढत होतो. एक म्हातारी शेळीशिवाय यायला तयार नव्हती. मी कानातल्या यंत्रावर तुम्हाला सांगितलं, बाई शेळी सोडत नाही. तुम्ही म्हणालात, "घे ना मंग तिलेही. शेळीनं काय बिघडवलं आपलं?" तेव्हा तुम्ही वजनाच्या कागदाकडे पाहिलं नव्हतं. डाव्या हातात जो दांडा असतो, ज्यानं यंत्र वर उचलतात, त्या दांड्यावरचा तुमचा हात तुम्हाला सांगायचा की अजून किती झेपेल. मी पुष्कळ पायलट पाहिले. असा हात दुसरा पाहिला नाही.

तो हात मी निकामी केला. आता ते सांगतो.

उत्तरेकडच्या डोंगरांतली ती चौकी. पहाटे निरोप आला की चौकीवर बर्फाचा कडा कोसळला आहे, सात जण जिवंत काढले आहेत, सगळे जखमी. तेवढ्या उंचीवर हवा इतकी विरळ की आपलं यंत्र खाली जेवढं उचलतं त्याच्या निम्मंही वर उचलत नाही. म्हणून वजनाचा कागद भरावा लागतो. ते काम माझं. पहिल्या ओळीत नुसत्या यंत्राचं वजन, मग इंधन, मग आपण तिघं, मग उंची आणि थंडी पाहून तक्त्यातून काढलेली मर्यादा. वजाबाकी केली की किती माणसं घेता येतील ते कळतं. खाली दोन सह्या असतात. एक माझी, एक कॅप्टनची.

यंत्राच्या पोटात, आसनांच्या रांगेत, लांबच्या उड्डाणासाठी एक जादा इंधनाची टाकी बसवलेली असायची. वर जायचं म्हणून त्या पहाटे मी ती काढली. तुम्ही हवामानाची माहिती घेत होता, आणि मी दोन माणसांना हाताशी धरून पट्टे सोडले, नळ्या काढल्या, रिकामी टाकी उचलून तंबूच्या मागे बर्फात उभी केली. बोटं बधिर झाली होती. मग घाईनं कागद भरायला बसलो. पहिली ओळ आम्ही कालच्या कागदावरून उतरवायचो. यंत्राचं वजन रोज थोडंच बदलतं? मी कालचा आकडा उतरवला. कालच्या आकड्यात टाकी होती.

माझ्या बापाचा उमरेडला माग होता. ताणा लावताना एक धागा चुकीच्या जागी गेला तर तो शेवटच्या वितीपर्यंत चुकलेलाच राहतो, म्हणून बाप पहिला हात फिरवताना कोणाशी बोलायचा नाही. मी त्याचा मुलगा. मला पहिल्या ओळीचं महत्त्व कळायला हवं होतं.

वर गेलो. तुम्ही पंखा फिरता ठेवून टेकलात. मी खाली उतरून माणसं चढवली. कागद सांगत होता सहा. ज्याच्या पायाला मार होता, जो शुद्धीवर होता, जो इतरांपेक्षा बरा दिसत होता, त्याला मी मागे ठेवलं. तो चौकीचा स्वयंपाकी, बलबीर. तिशीचा, मिशीत बर्फ. त्याने दाराच्या शिडीला धरलं होतं. मी त्याच्या कानाशी ओरडलो, "अगले चक्कर में. एक घंटा."

"पक्का?" तो म्हणाला.

"पक्का."

त्यानं शिडी सोडली.

आणि भाऊ, त्या क्षणी मी ज्या जखमीला आत सरकवून बसवलं, तो टाकीच्या जागी बसला होता. मी माझ्या हातांनी त्याला टाकीच्या रिकाम्या जागेत बसवलं आणि तरी टाकी कागदावर मोजली. टाकी तंबूमागे बर्फात उभी होती आणि कागदावर ती आत बसली होती, बलबीरच्या जागेवर. एका माणसाच्या वजनाची टाकी. उलट थोडी जास्तच.

तुम्ही यंत्र उचललंत. जमिनीपासून हातभर वर आलो असू. तुम्ही तिथंच थांबलात आणि कानात तुमचा आवाज आला. को-पायलट पंजाबचा होता, त्याला मराठीतलं अक्षर कळत नसे. तुम्ही आपल्या बोलीत बोललात.

"नामदेवा, मशीन हलकं वाटून राहिलं गा. टेकवू का खाली? त्यालेही घेऊन टाकू."

"नाही सर. आकडा पुरा झाला."

"पक्कं?"

"पक्कं, सर."

दोन मिनिटांत दोन माणसांना मी तोच शब्द दिला. तुमच्या हातापेक्षा तुम्ही माझ्या आकड्यावर विश्वास ठेवलात आणि आपण निघालो. इथपर्यंत मी गुन्हेगार नव्हतो, हे मला म्हणू द्या. इथपर्यंत मी फक्त चुकलो होतो.

खाली आलो, जखमी उतरवले, इंधन घेतलं, आणि दरी ढगांनी भरली. तुम्ही हेल्मेट न काढता तासभर यंत्रापाशी उभे होता. संध्याकाळी दुसऱ्या फेरीचा कागद भरायला मी तंबूमागे आडोशाला गेलो, आणि समोर टाकी दिसली. मी किती वेळ तिच्याकडे पाहत उभा होतो, मला सांगता येणार नाही. मी आकडा दुरुस्त केला. नव्या कागदावर. जुन्या कागदाला हात लावला नाही. दोन्ही कागद एकाच फायलीत, एकामागे एक. कोणीही शेजारी ठेवून पाहिले असते तर लहान मुलालाही कळलं असतं. मला पकडणं इतकं सोपं होतं. कोणी पकडलं नाही.

त्या संध्याकाळी मला वाटलं, उद्या ढग उठतील, बलबीरला आणू, मग तुम्हाला हसत हसत सांगू, तुम्ही मला चार शिव्या द्याल आणि संपेल. ढग तिसऱ्या दिवशी उठले. बलबीर दुसऱ्या रात्री गेला होता.

मग सांगायचं राहिलं ते राहिलंच. आधी भीती होती, नोकरीची. मग तुमचं पदक जाहीर झालं, आणि सगळे तुम्हाला खांद्यावर घेत असताना मी काय बोलणार होतो? मग, आता हे वाचणाऱ्यांना हसू येईल, मलाही प्रशस्तिपत्र मिळालं. बिकट परिस्थितीत भाराची अचूक आकडेमोड केल्याबद्दल. ते चौकटीत बसवून माझ्या मुलानं बैठकीत लावलं. सूनबाई दर दिवाळीला ते पुसायची. माझ्याच घरात, मी जिथं जेवायला बसतो त्याच्या समोर. काढ म्हटलं असतं तर कारण सांगावं लागलं असतं.

त्यानंतर तुम्ही बदललात. तरुण पायलट तुम्हाला मागून 'कागदवाले सर' म्हणू लागले. तुम्ही वजनाचा कागद दोनदा मागायचा, तक्ता स्वतः उघडून पाहायचा, आणि उचलताना डावा हात यंत्राशी बोलत असेल तरी त्याचं ऐकायचा नाहीत. मला एकदा म्हणालात, "त्या दिवशी हात खोटं बोलला गा माह्याशी. सहामधीच पुरं होतं तं हलकं कसं वाटलं? असा हात कोणाचा जीव घेईन एखाद्या दिवशी." आणि मुदतीआधी निवृत्ती घेतलीत. लोकांना वाटलं, दोन पदकं झाली, मन भरलं. मला कारण माहीत होतं. मी तुमचा निरोप समारंभ पहिल्या रांगेत बसून पाहिला आणि टाळ्या वाजवल्या.

मीही सुटून आलो, बुटीबोरीच्या एका सूतगिरणीत यंत्रं सांभाळायला लागलो. मला वाटलं, आता तरी हे मागे राहील. पण तुम्ही दर वर्षी त्या तारखेला मला बोलवायचा. जानेवारीतली थंडी, उमरेडहून पहिली एसटी, तुमच्याकडे पोह्यांवर तर्री, आणि मग तुम्ही जुन्या कॅलेंडरचं पान उलटं करून माझ्यासमोर ठेवायचा.

"मांड गा हिशोब."

आणि मी मांडायचो. पहिली ओळ. मग इंधन, मग आपण तिघं, मग उंची, मग थंडी. तुम्ही बोट ठेवून एकेक ओळ तपासायचा. उंचीवर वाद घालायचा, थंडी किती होती यावर वाद घालायचा, इंधन अर्ध्या तासाचं कमी घेतलं असतं तर, असं म्हणायचा. पहिल्या ओळीवर तुमचं बोट कधी थांबलं नाही. पहिली ओळ कोणीच तपासत नाही. शेवटी 'सहा' यायचं. मग तुम्ही म्हणायचा, "मंग मशीन हलकं काहून वाटलं?" आणि मी म्हणायचो, "थंडी तक्त्यापेक्षा जास्त असन, भाऊ. थंड हवा जास्त उचलते." मग तुम्ही खाली कॅप्टनच्या जागी झोकात सही ठोकायचा आणि म्हणायचा, "झालं. पुढच्या वर्षी."

एका वर्षी, फक्त एका वर्षी, तुम्ही पेन अर्ध्यात थांबवून विचारलंत, "टाकी काढली होती ना गा आपण?"

"काढली होती."

"हिशोबात धरली ना तसं?"

माझ्या हातात चहाचा कप होता. वहिनी दारात उभ्या होत्या. "धरली, भाऊ," मी म्हणालो.

त्याआधी मी गप्प होतो. त्या दिवशी मी खोटं बोललो. त्यानंतर परत फिरायला वाट उरली नाही. दर जानेवारीला मी तिथं येऊन बसायचो, ते घडीचं आसन उघडून बसावं तसा, आणि तुम्ही आत अडकलेले. आणि गंमत अशी की मीही आतच होतो.

एक सांगतो, कारण हे फक्त रडगाणं व्हायला नको. तुमच्या त्या छोट्या गाडीत मी जेवढा हसलो तेवढा आयुष्यात कुठं हसलो नाही. उमरेड रस्त्यावर एसटीची वाट पाहणारा एकही माणूस तुम्ही मागे सोडायचा नाहीत. पाच जणांच्या गाडीत आठ. कोणाच्या मांडीवर भाजीची टोपली, कोणाच्या मांडीवर कोणाचं पोर. मागे वहिनी दाराला चिकटून ओरडायच्या, "अहो, माह्यावर कोंबडं बसवून राहिले हे!" आणि तुम्ही समोर पाहत म्हणायचा, "सरक ना वं थोडी. जागा होते." तो रस्त्यावरचा माणूस आत चढला की तुमचा चेहरा कसा मोकळा व्हायचा! मी शेजारी बसून तो पाहायचो आणि खिडकीबाहेर बघायला लागायचो. तुम्ही बलबीरला रोज थोडं थोडं आत घेत होता.

त्याच्या गावीही तुम्ही जाऊन आलात. त्याच्या भावासमोर बसून म्हणालात, जागा नव्हती. भावानं तुमचे पाय धरले, असं तुम्ही मला सांगितलंत आणि डोळे पुसलेत. तुम्ही त्या घरात जाऊन जे बोललात ते खोटं होतं, आणि तुम्हाला ते माहीतही नव्हतं. तुमच्या तोंडून माझं खोटं त्या डोंगरातल्या घरापर्यंत पोचलं. दर वर्षी तुम्ही त्यांना पत्र लिहायचा. प्रत्येक पत्राबरोबर माझी सुटका थोडी आणखी अवघड व्हायची, कारण आता मी खरं बोललो तर तुम्ही खोटे ठरणार होता.

यंदाच्या जानेवारीत मी आलो तेव्हा तुम्ही पलंगावर होता. डावी बाजू गेलेली, जीभ जड. वहिनींनी कॅलेंडरचं पान आणून ठेवलं होतं, पण तुम्हाला ते धरता आलं नाही. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत.

"सातवा?"

भाऊ, तेव्हा मला काय आडवं येत होतं? नोकरी नव्हती, पदकाला धक्का नव्हता, वहिनी आत होत्या. खोलीत आपण दोघंच. मी म्हणालो, "नसता बसला, भाऊ."

तुम्ही उजव्या हातानं तुमचा डावा हात मनगटाला धरून उचललात आणि पलंगाच्या कडेला ठेवलात, तिथं दांडा असता तसा. मग उजव्या हातानंच तो थोडा वर उचललात. तो मेलेला हात.

"हलकं," तुम्ही म्हणालात.

"थंडी होती, भाऊ," मी म्हणालो.

तुम्ही मान हलवलीत. माझं पटलं म्हणून, की माझ्याशी वाद घालायची ताकद उरली नाही म्हणून, मला माहीत नाही. आपलं शेवटचं बोलणं ते. पुढे आलो तेव्हा तुम्ही ओळख दिली नाहीत.

काल मी वहिनींकडे गेलो. त्या तुमच्या उरलेल्या गोळ्यांच्या पट्ट्या निवडत बसल्या होत्या, दवाखान्यात कोणाच्या कामी येतील म्हणून. मी खुर्चीवर बसलो नाही, खाली बसलो.

"वहिनी, मले तुमच्याशी बोलाचं आहे."

"बोला ना. चहा ठेवू?"

"आधी आइका."

मी सगळं सांगितलं. टाकी, पहिली ओळ, कॅलेंडरची पानं, जानेवारी. त्यांनी मधे एकदाही थांबवलं नाही. हातातली पट्टी तशीच हातात.

"म्हणजे त्यायचा हात बरोबर होता."

"हो."

"अन् तुम्हाले मालूम होतं."

"हो. त्याच संध्याकाळपासून."

"मी त्यायले म्हणो, नामदेवभाऊ सांगून राहिले ना, तेच खरं असन, तुम्ही काहून तेच तेच घोळवता. मी बी तुमच्याकडून बोलली अडतीस वर्षं." त्या पट्टीची घडी घालत राहिल्या, न होणारी घडी. "आता त्यायले कोन सांगन?"

मी समोरच्या पट्ट्या एकावर एक रचल्या.

"चहा नाही ठेवत मी आता," त्या म्हणाल्या. मी उठलो. दारापर्यंत गेलो तेव्हा मागून आवाज आला. "त्या बलबीरच्या भावाचा पत्ता टेबलावरच्या वहीत आहे. उतरवून घ्या. मंग जा."

मी उतरवून घेतला. आज सकाळी पत्र टाकलं. त्यात लिहिलं की विंग कमांडर साहेबांनी तुम्हाला जे सांगितलं ते त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवून सांगितलं, साहेबांना त्याला घ्यायचं होतं, त्यांनी यंत्र परत टेकवायचं विचारलं होतं, मी नको म्हणालो. तो भाऊ जिवंत आहे की नाही, मला माहीत नाही. असला तर त्यानं मला काय म्हणावं, हेही मला सुचत नाही.

दुपारी सचिवाचा फोन आला.

"काका, सही झाली का?"

मी म्हटलं, त्या वाक्यातून 'यंत्राच्या भारक्षमतेचा अचूक अंदाज घेऊन' एवढं काढा, मग सही करतो. त्यानं कारण विचारलं. मी सांगितलं की सातवा माणूस बसला असता.

"मंग सातच लिहू का, काका? सात जण वाचवले. सात चांगलं दिसते."

मी त्याला रागावलो नाही. तुम्ही असता तर पोट धरून हसला असता. मी एवढंच म्हटलं, सहाच लिहा, आणि ते पाच शब्द काढा. तो म्हणाला, मानपत्रातले शब्द आहेत, काढायचे तर मंडळाची बैठक घ्यावी लागेल. म्हटलं, घ्या. बैठकीत मला बोलवा. मी येतो. जे इथं लिहिलं आहे ते तिथं उभं राहून सांगतो. सुभेदार मला शिव्या देतील. देऊ देत.

मला वाटलं होतं, बोलून टाकलं की हलकं वाटेल. तसं काही झालं नाही, भाऊ. ज्याला सांगायचं होतं तो ऐकत नाही, आणि बाकीच्यांना सांगून त्याचं काय होणार? भिंतीवरचं प्रशस्तिपत्र मात्र मी आज उतरवलं. सूनबाईनं विचारलं, काहून काढलं, बाबा. म्हटलं, रात्रीच्या जेवणाला सगळे बसा, सांगतो. भिंतीवर चौकटीच्या आकाराचा एक पांढरा तुकडा राहिला आहे. तो लपवायला तिथं काही लावायचं नाही, एवढं मी ठरवलं आहे.

आता हे लिहून झाल्यावर मी गेल्या महिन्याच्या कॅलेंडरचं पान उलटं केलं आणि हिशोब मांडला. शेवटचा. पहिल्या ओळीत टाकी वजा करून यंत्राचं खरं वजन लिहिलं. मग इंधन, आपण तिघं, उंची, थंडी. सगळं तुमच्या बोटाखालून गेलेलं, जसंच्या तसं. वजाबाकी केली. सात येतात, आणि वर वीस किलो उरतात. त्या म्हातारीची शेळी आली असती म्हणा.

तुमचा हात खरं बोलत होता.

खाली दोन सह्यांची जागा सोडली आहे. माझ्या जागी मी सही केली. तुमची जागा कोरी आहे.